माळावरची माती

पळसदेव
२० सप्टेंबर २०२५

चि. माधवीस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं हे तुला ठाऊक आहे. कानातलं यंत्र लावलं की ते शिट्टी वाजवतं, काढलं की विजयसिंहाला ओरडून बोलावं लागतं, आणि हा विषय ओरडून बोलण्यासारखा नाही. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं भरली, तेव्हा लिहायचा मला कंटाळा नाही. तूही लिहूनच उत्तर दे, आणि अक्षर जरा सावकाश काढ.

गोष्ट विहिरीची आहे. जुलैपासून पाण्याला डिझेलसारखा वास येतोय. आधी वाटलं माझ्याच नाकात काही बिघडलंय. मग पाण्यावर रंगीत साय धरायला लागली. पेरूच्या बागेला तेच पाणी जातं. प्यायला आम्ही नळाचं घेतो, पण परवापासून जनावरांनी हौदाला तोंड लावायचं सोडलंय.

दोष कुणाचा हे विजयसिंहानं ठरवूनसुद्धा टाकलं. विहिरीपासून साठ-सत्तर पावलांवर सिकंदरचं गॅरेज आहे. लहानपणी सुट्टीत आलीस की त्याच्या पत्र्याखाली बसून इंजिनं बघायचीस, तेच. धरणातल्या मासेमारीच्या बोटींची इंजिनं, ट्रॅक्टर, डिझेलचे पंप, सगळं तो तिथंच खोलतो. बावीस वर्षं झाली. तुझ्या काकांना शेवटचं इंदापूरच्या दवाखान्यात नेलं ते त्यानंच, स्वतःच्या टेंपोतून, आणि परत आणलं तेही त्यानंच. आता माझा मुलगा म्हणतो की तेल त्याच्याच जमिनीतून झिरपतंय, ग्रामपंचायतीत अर्ज देतो, गॅरेज बंद झालं पाहिजे. सिकंदर म्हणतो, माझं तेल बॅरलमध्ये असतं, जमिनीत नसतं. आणि दोघंही माझ्या तोंडाकडं बघतात.

गॅरेज बंद झालं तर सिकंदरच्या घरात त्याच्या बायकोच्या, करिमाच्या, शिलाई मशीनशिवाय काही उरत नाही. आणि तेल खरंच त्याचं असेल तर माझी बाग जाते. मला कुणाची बाजू घ्यायची नाही, खरं काय ते कळलं पाहिजे. तू बारामतीत दिवसभर मातीच तपासत असतेस. मातीत कुणाचं तेल मुरलंय हे ओळखता येतं का? तू सांगशील ते मी दोघांना मान्य करायला लावीन, मग कुणाला कडू लागो.

तुझी
द्वारकामावशी


बारामती
२५ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं आणि शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. आमच्याकडं हातानं पत्ता लिहिलेलं काही येतच नाही.

ओळखता येतं, मावशी. पाण्यात तेल आहे हे तुझ्या नाकानं सांगितलं, ते कुठून आलं हे माती सांगेल. आमच्याकडं काचेचं एक उपकरण आहे. खाली चंबूत हेक्झेन नावाचा द्रव तापत असतो. दिसायला पाण्यासारखा, पण पाण्याला जे जमत नाही ते त्याला जमतं, तो तेल विरघळवतो. त्याची वाफ वर चढते, थंड होते आणि मधल्या कागदी पुडीत ठेवलेल्या मातीवर थेंब थेंब पडत राहते. पुडी बुडाली की सगळा द्रव मातीतलं तेल घेऊन आपोआप खाली चंबूत येतो, पुन्हा तापतो, पुन्हा वर जातो. आठ-दहा तास हेच चालतं. शेवटी द्रव उडवून टाकला की तळाला उरतं ते मातीतलं तेल. ते दुसऱ्या यंत्रात घातलं की कागदावर त्याचा आलेख उमटतो, आणि प्रत्येक तेलाची आलेखातली ठेवण वेगळी असते. मला हे बघत बसायला फार आवडतं. प्रगती, माझ्या हाताखालची, म्हणते की मी दुधावर लक्ष ठेवल्यासारखी उभी असते.

आता तुझं काम. पार्सलनं तीन काचेच्या बाटल्या पाठवतेय. एकीत गॅरेजच्या भिंतीलगतची माती भर, दुसरीत विहिरीच्या काठाची, आणि तिसरीत माळावरच्या तुकड्यातली, जिथं ट्रॅक्टरसुद्धा जात नाही. ही तिसरी बाटली विसरू नकोस. जिथं तेल असायचं कारणच नाही तिथं ते खरंच नाही, हे दाखवल्याशिवाय बाकीच्या दोन बाटल्यांना अर्थ नाही. वीतभर खोल उकरून माती घे. प्लॅस्टिकची पिशवी नको. खोऱ्याला आधीची माती, खत, औषध काहीही लागलेलं नको. सोबत एक छोटी बाटली आहे, तीत सिकंदरभाईंकडचं तेल, ताडून बघायला. ते त्यांनी स्वतःच्या हातानं द्यावं, कुणी परस्पर आणू नये.

विजूदादाला म्हणावं, तोवर अर्ज खिशात ठेव.

तुझी
माधवी


पळसदेव
४ ऑक्टोबर २०२५

चि. माधवीस अनेक आशीर्वाद.

चारही बाटल्या एसटीच्या पार्सलनं पाठवल्यात. खोक्यात गोणपाटाचे तुकडे कोंबलेत, फुटणार नाहीत. नवमी-दसऱ्यामुळं दोन दिवस जास्त गेले.

माती मी स्वतः काढली. विजयसिंह म्हणत होता मी काढतो. त्याला म्हटलं, तू तक्रारदार आहेस, तू लांब उभा राहा. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तेवढ्या त्याच्याकडून लिहून घेतल्या. खोऱ्याची काळजी करू नकोस. घरात तीन खोरी आहेत, त्यातलं मी खंडेनवमीला घासूनपुसून पुजलेलं घेतलं. पुजल्यावर त्यानं पहिली माती उकरली ती तुझ्यासाठीच, त्याआधी त्याला कणभर काही लागलेलं नव्हतं. सकाळी ऊन चढायच्या आत आधी माळावर गेले, कारण माझे गुडघे ऊन आणि चढ एकदम घेत नाहीत. मग विहीर, आणि शेवटी गॅरेजची भिंत.

तेलाचं सिकंदरला सांगितलं तर तो हातातलं काम टाकून उठला. मोठ्या बॅरलमधून तुझी बाटली भरली, फडक्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "काकी, तपासून घ्या. मलाबी कळू द्या." त्याच्या तोंडावर राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

दसऱ्याला तो नेहमीसारखा सोनं द्यायला आला होता. विजयसिंह आत होता, बाहेर आला नाही. सिकंदर उंबऱ्याशीच उभा राहिला. जाताना त्यानं आपट्याची दोन पानं जास्त दिली, आतल्या माणसासाठी म्हणून. ती मी देवळीत ठेवली आहेत. लवकर निकाल कळव, घरात दोनच माणसं आणि दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत.

तुझी
द्वारकामावशी


बारामती
१४ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस सा. न.

निकाल आला. तुला आवडणार नाही, मलाही आवडला नाही.

भिंतीलगतच्या आणि विहिरीकाठच्या, दोन्ही मातींत तेल निघालं, आणि थोडंथोडकं नाही. चंबूच्या तळाला पिवळसर थर नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्यांचे आलेख सिकंदरभाईंच्या तेलाच्या आलेखावर ठेवले तर एकाचा उंचवटा दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. इतकं स्वच्छ जुळलेलं मी वर्षभरात पाहिलेलं नाही. तेल त्यांच्याच गॅरेजातलं आहे.

विजूदादा शुक्रवारी इथं येऊन बसला होता. चहा दिला तर तो तसाच गार झाला. त्याला मी सही करून अहवाल दिला. माळावरची बाटली अजून चालवलेली नाही. आमच्या उपकरणाचा एक कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारा काचेचा भाग, फुटलाय, नवा यायला दिवाळी उलटेल. पण पहिल्या दोन इतक्या स्पष्ट असताना तिच्यासाठी अहवाल अडवून ठेवण्यात मला अर्थ वाटला नाही.

एकच गोष्ट जरा खटकली. तू पाण्याला डिझेलचा वास म्हणतेस आणि मातीत निघालं ते इंजिनचं ऑइल. गॅरेजात दोन्ही सांडत असणार, म्हणून मी त्यात फार शिरले नाही.

सिकंदरभाईंनी मुद्दाम केलं नसणार. वर्षानुवर्षं थोडं थोडं सांडतं, मुरतं, माणसाला कळतही नाही. त्यांना तू असंच सांग, माझं नाव घेऊन सांग. तू खरं काय ते विचारलं होतंस, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिलं.

तुझी
माधवी


पळसदेव
३ नोव्हेंबर २०२५

चि. माधवीस अनेक आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुझा फराळाचा डबा पोचला, चकल्या चांगल्या होत्या, शंकरपाळी दगड होती. पत्राला उशीर केला, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

विजयसिंहानं अहवाल ग्रामपंचायतीत दिला. सरपंच योगिनीताईंनी नोटीस काढली, खुलासा होईपर्यंत गॅरेजचं काम बंद. नोटीस हातात पडायच्या आधीच सिकंदरनं दाराला कुलूप घातलं. मी गेले होते. तू सांगितलेलं सांगितलं, मुद्दाम नसेल म्हणून. तो म्हणाला, "काकी, तुमच्या मातीत माझं तेल हाय म्हनत्यात, तर आसंल. पर मी सांडल्यालं न्हाय." एवढंच बोलला. मी खुलासा दे म्हटलं तर मान हलवली आणि घरात गेला.

आता तो रोज सकाळच्या एसटीनं इंदापूरला जातो, दुसऱ्याच्या गॅरेजात हाताखाली राबतो. बावीस वर्षं मालक असलेला माणूस दुसऱ्याला पाने उचलून देतो. करिमा मला बघून वाट बदलत नाही, उलट थांबते, पण बोलत नाही. बोटवाल्यांना इंजिन घेऊन भिगवण गाठावं लागतं, ते माझ्याकडं बघून काय पुटपुटतात ते मला ऐकू येत नाही, हे माझं नशीब. पारावर दोघंतिघं तर तेलाचं सोडून त्याच्या धर्मावर घसरले होते. त्यांना मी तिथल्या तिथं झाडलं. पण त्यांना तोंड उघडायला जागा माझ्याच मातीनं दिली, हे काही मनातून जात नाही.

आता विचारायचं ते. कुलूप लागून तीन आठवडे होत आले आणि विहिरीचा वास तसाच आहे. उलट मोटार चालू केली की जास्तच येतो. विजयसिंह म्हणतो मुरलेलं तेल आहे, वेळ लागणार. मला पटत नाही.

आणि माझी तिसरी बाटली कुठं आहे? तिच्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही असं तूच लिहिलं होतंस, पत्र माझ्यापुढं उघडं आहे. मी गुडघे धरून माळ चढले ती काय हवा खायला? तुझा तो कंडेन्सर आला असेल तर आधी ती चालव.

तुझी
द्वारकामावशी


बारामती
८ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस,

बाटली चालवली. पहिल्यांदा विश्वास बसला नाही म्हणून उरलेली माती घेऊन पुन्हा चालवली.

माळावरच्या मातीतही तेच तेल निघालं. आणि तिन्ही बाटल्यांत सगळ्यात जास्त तिथंच.

हे होऊच शकत नाही. गॅरेजातलं तेल चढ चढून माळावर जाणार नाही. म्हणजे ते मातीत नव्हतंच, माती काढताना कशातून तरी आलं. तू आधी माळावर गेलीस, मग विहिरीवर, मग भिंतीशी, आणि तेलही त्याच क्रमानं कमी होत गेलंय. खोऱ्याला काही होतं का? नवमीला तू त्याचं काय काय केलंस ते सगळं लिही, बारीकसारीक वाटलं तरी लिही.

मी चुकले, मावशी. मातीत वर्षानुवर्षं मुरलेलं तेल आलेखावर झिजलेलं दिसतं, कारण मातीतले जिवाणू त्यातला सोपा भाग आधी खाऊन टाकतात. तुझ्या मातीतलं तेल बॅरलमधल्याइतकं ताजं होतं. तो ताजेपणा मला दिसला होता आणि त्यालाच मी पुरावा समजले. तिसऱ्या बाटलीचा नियम मीच तुला सांगितला आणि मीच मोडला. विजूदादा समोर बसला होता, कंडेन्सर फुटला होता, ही कारणं खरी आहेत, पण खरं कारण ती नाहीत. उत्तर मिळालं असं मला वाटलं, म्हणून मी पुढं विचारलंच नाही. हेक्झेन मातीतून तेल काढून देतो. ते तिथं कसं आलं हे शोधायला पगार मला मिळतो.

उलट टपाली लिही.

तुझी
माधवी


पळसदेव
१२ नोव्हेंबर २०२५

चि. माधवीस अनेक आशीर्वाद.

खोऱ्याचं सांगते.

नवमीच्या आदल्या दिवशी सगळी अवजारं काढली, खोरं, टिकाव, विळे, कुऱ्हाड. विटेच्या भुकटीनं गंज घासला, धुतली, उन्हात वाळवली आणि मग तेल लावलं. तुझ्या काकांच्या जुन्या धोतराचं फडकं आहे त्यासाठी. पात्याला पुढून, मागून, आणि दांडा बसतो त्या खोबणीत बोट घालून. मग दुसऱ्या दिवशी हळदकुंकू आणि झेंडू. माझी आईही असंच करायची. तू खोऱ्याला माती नको, खत नको, औषध नको म्हणालीस, म्हणून मी घरातलं सगळ्यात निर्मळ अवजार उचललं. त्याला तेल लावलंय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. हाताला मेंदी रंगली की ती हाताचीच वाटते, तसं ते.

पूर्वी गोडेतेल लावायचो. त्याला मुंग्या लागायच्या, म्हणून तुझ्या काकांनी इंजिनचं ऑइल सुरू केलं. आता ते कुठून येतं तेही लिहायला हवं. दर नवमीला सिकंदर एक बाटली आणून देतो. नवं तेल, बॅरलमधलं, कारण वापरलेलं पूजेला कसं चालेल असं तोच म्हणतो. काका गेल्यावर मी म्हटलं आता कशाला, तरी आणत राहिला. यंदाही आणली. विजयसिंह आत बसून त्याच्या नावानं अर्ज लिहीत होता आणि हा ओसरीवर बाटली ठेवून गेला.

माझ्या मातीत त्याचं तेल होतं, हे खरंच आहे. त्यानं प्रेमानं दिलेलं, आणि मी माझ्या हातानं माळावर, विहिरीवर, त्याच्याच भिंतीशी नेऊन घातलेलं. कुणावर अन्याय नको म्हणून मी पोटच्या मुलाला लांब उभं केलं, आणि अन्याय माझ्या हातून झाला. मला रडू आलं, माधवी. काका गेल्यापासून इतकं आलं नव्हतं.

विजयसिंहाला तुझं पत्र वाचायला दिलं. तो म्हणाला, "आई, आता गप ऱ्हा. गावात मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय." मी गप्प राहणार नाही. पण त्याआधी तू काय करणार ते मला कळव.

तुझी
द्वारकामावशी


बारामती
१७ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस सा. न.

गोडेतेल असतं तर मी ते वेगळं काढू शकले असते. इंजिनच्या तेलाला मात्र ते कुठून आलं हे विचारता येत नाही, फक्त तुला विचारता आलं असतं, आणि ते मी विचारलं नाही. माती, खत, औषध सगळं लिहिलं. तेलाचा शोध घेत होते आणि तेल तेवढं लिहायचं राहिलं.

अहवाल मागं घेतला. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तक्रार कुणाची आलेली नाही, नवे नमुने मागवा, नवा अहवाल द्या, जुन्याचा उल्लेखच नको. मी म्हटलं, त्या जुन्या अहवालावर एका माणसाचं दार बंद आहे. त्यांनी परवानगी दिली, आणि पुढचे सहा महिने माझ्या अहवालांवर प्रगती सही करेल असंही सांगितलं. मी शिकवलेली मुलगी माझ्या कामावर सही करणार. मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण ते चुकले असं मला म्हणता आलं नाही.

ग्रामपंचायतीला रजिस्टर पत्र टाकलंय. सिकंदरभाईंना वेगळं, हातानं लिहिलेलं. दोन्हींत तुझं नाव नाही, खोऱ्याचंही नाही. नमुना घेताना चूक झाली आणि तपासणारी म्हणून ती माझी, एवढंच आहे. तू यात स्वतःला ओढून घेऊ नकोस, गावात तुला राहायचंय.

येत्या रविवारी, २३ तारखेला, मी स्वतः येऊन माती काढणार आहे. विहिरीचं पाणीही नेईन. मोटार चालू केली की वास वाढतो, हे तू मागच्याच्या मागच्या पत्रात लिहिलं होतंस आणि मी ते वाचून पुढं गेले होते. ती मोटार वर काढून कुणाला तरी दाखव.

तुझी
माधवी


बारामती
२ डिसेंबर २०२५

ती. मावशीस सा. न.

तुझ्या हातची शेंगोळी अजून जिभेवर आहेत. सोबत अहवाल आहे, खाली प्रगतीची सही. योगिनीताईंना वेगळी प्रत पाठवली.

माळावरच्या मातीत तेल नाही. विहिरीच्या काठाला नाही. गॅरेजच्या भिंतीलगत आहे. थोडंसं आहे, जुनं, झिजलेलं, वीतभर खोल, त्याखाली काही नाही. ते विहिरीपर्यंत पोचलेलं नाही, पण ते खरं सांडलेलं आहे. हे लिहिताना माझा हात अडला. तिन्ही ठिकाणी शून्य आलं असतं तर सगळ्यांना सोपं गेलं असतं. पण मागच्या वेळी मी सोपं तेच लिहिलं होतं.

विहिरीतल्या पाण्यावरचं तेल सिकंदरभाईंच्या कुठल्याच तेलाशी जुळत नाही. ते पातळ आहे, पाणबुडी मोटारीच्या पोटात भरतात तसलं. मोटार दाखवलीस का?

तुझी
माधवी


पळसदेव
९ डिसेंबर २०२५

चि. माधवीस अनेक आशीर्वाद.

सिकंदरनं काल गॅरेजचं कुलूप काढलं. आता कसं ते सांगते.

मोटार दाखवायची तर कुणाला, गावात ती वर काढून खोलणारा माणूस एकच. गुरुवारी त्याची सुट्टी असते. मी त्याच्या दारात गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खोरं, फडकं, त्याची नवमीची बाटली. तुझं पत्र त्याला पोचलं होतं, पण त्यात हे नव्हतं. करिमानं मला बसायला पाट दिला. मी माफी मागितली तर तो कानाला हात लावून म्हणाला, असं बोलू नका. मग साखळी आणि कप्पी घेऊन माझ्याबरोबर निघाला.

मोटार वर आली. खालचं सील चिरलेलं, पोटातलं निम्मं तेल गेलेलं. हीच मोटार मे महिन्यात विजयसिंहानं आणली होती, सिकंदर नको म्हणत असताना. मी सिकंदरला विचारलं, तुला हे आधी ठाऊक होतं? तो म्हणाला, "वासावरनंच कळलं हुतं, काकी. पर माझ्यावर आळ आसताना मी मोटारीचं नाव घेतलं आसतं, तर तुमी म्हनला आसता आपलं झाकायला बोलतोय." आणि खरंच, मी तसंच म्हटलं असतं. विजयसिंह विहिरीच्या काठावर उभा राहून सगळं बघत होता. त्यानं गाडीला किक मारली आणि निघून गेला. जेवायलाही आला नाही.

शनिवारी ग्रामपंचायतीत बैठक होती. योगिनीताईंनी तुझं पत्र वाचलं, मग नवा अहवाल. स्वतःला ओढून घेऊ नकोस असं तू लिहिलं होतंस, पण लहानांचा सल्ला ऐकायची मला सवय नाही. मी उठले आणि पुजलेल्या खोऱ्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली. आधी काही जण हसले. ते तेल कुणी दिलेलं होतं हे सांगितल्यावर कुणी हसलं नाही. मोटारीचं मात्र मी बोलले नाही. ते बोलायचं काम माझं नव्हतं. सिकंदरही बोलला नाही.

ताईंनी नोटीस रद्द झाल्याचं सांगितलं. मग सिकंदर पुढं आला आणि अहवालाचा कागद मागितला. भिंतीलगतच्या मातीचा आकडा कुठला ते विचारलं, त्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाला, "येवढं माझं हाय. तितली माती मी काढून टाकतो आन् खाली कोबा करतो." बाकीच्या आकड्यांकडं त्यानं बघितलंही नाही. कागद ताईंना परत दिला आणि आपल्या बाकावर जाऊन बसला. तुझा हात अडला होता ना, तो आकडा त्यानं असा घेतला.

लोक उठायला लागले. खुर्च्या सरकल्या, दोघं-चौघं दारापर्यंत पोचले. तेवढ्यात मागं भिंतीला टेकून उभा असलेला विजयसिंह म्हणाला, "जरा थांबा." तो मोठ्यानं बोलला, माझ्यामुळं त्याला ती सवयच लागली आहे. "इहिरीतलं तेल आमच्या मोटारीचं हाय. मोटार मी आनली हुती. सिकंदरभाई नको म्हनत हुता. आन् अर्जबी मीच दिला हुता."

तो तिथून चालत आला तो थेट सिकंदरसमोर येऊन उभा राहिला. पुढं काय बोलायचं हे त्याला सुचत नव्हतं, मला त्याच्या मानेवरून कळत होतं, लहानपणापासून बघतेय. मला वाटलं उठून जावं, काहीतरी बोलावं. पण मी बसून राहिले.

सिकंदर बाकावर जरा बाजूला सरकला आणि त्याला बसायला जागा केली.

तुझी
द्वारकामावशी